वाढत्या मापाचं

आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितोय. विषय आहे बर्फावर घसरायच्या स्कीची लांबी. बडा गणपतीच्या माणसाचा आणि स्कीचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, आणि तो माझ्या डाव्या गुडघ्यात आहे. पण सुरुवात घरापासूनच करावी लागेल.

बडा गणपतीच्या चौराह्यावरून मल्हारगंजकडे वळलं की एका गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटला. अण्णा कापड मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. दिवसभर कापड मोजायचं, घड्या घालायच्या. मोजमाप हाच त्यांचा धंदा, पण आम्हा भावंडांना मापाचं कपडे-बूट काही म्हणून मिळालं नाही. सगळं ‘वाढत्या मापाचं’. शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत, चड्डीला आत चार बोटं दुमड, बुटाच्या टोकाला कापूस. सायकल आली ती थेट चोवीस इंची. सीटवर बसलो तर पाय पोचेनात, म्हणून दोन वर्षं कैची मारून चालवली. "पोरगं वाढेल की!" हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच होतं, ठाऊक आहे मला. पगारच तेवढा, त्यात त्यांचं काय चुकलं?

बुधवारी ते आम्हाला गणपतीला न्यायचे. पंचवीस फुटी शेंदरी मूर्ती, मान वर केली की टोपी पडायची. वर्षातून चार वेळा देवाला शेंदूर-तुपाचा चोला चढतो, आणि एवढ्या मोठ्या अंगावर तो चढवायला कित्येक दिवस लागतात. धाकटी बहीण एकदा म्हणाली, "अण्णा, देवाला बरं सगळं मापाचं!" अण्णा हसले. "तो आता वाढायचा राहिलाय," म्हणाले.

पुढे इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडल्या, त्यात अण्णांचीही गेली. मी बँकेत लागलो होतो म्हणून घर तरलं. १९९५ च्या जानेवारीत ऑफिसातल्या चौघा मित्रांनी औलीचा बेत काढला. मालवा एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार, मग बसनं जोशीमठ, आणि वर औली. समोर नंदादेवी, पायाखाली बर्फ. इंदूरच्या माणसानं बर्फ पाहिलेला तो सराफ्यातल्या गोळ्याचा! मी पंचवीस वर्षांचा, अंगात मस्ती.

तेव्हाच्या स्की सरळसोट पट्ट्यांसारख्या असायच्या. माप घ्यायची जुनी रीत अशी की हात सरळ वर करायचा आणि स्कीचं टोक मनगटाला लागलं पाहिजे. म्हणजे साधारण उंचीच्या माणसालाही दोन मीटरच्या आसपासची स्की. ती रीत मुरलेल्या लोकांसाठी होती. शिकवणाऱ्यानं मला बघून एकशे पंच्याहत्तर सेंटिमीटरची जोडी काढली. माझी उंची एकशे सत्तर. बाजूच्या पोराच्या हातात एकशे पंच्याण्णवची होती. मी म्हटलं, "मला तीच द्या. चार दिवसांत शिकेन की." पोरगं वाढेल की!

शिकवणारा नको नको म्हणत होता, मीच हट्ट केला. दुसरी चूक त्याहून वाईट. बूट स्कीला जिथे अडकतो त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना पायावर जास्त पीळ बसला तर त्यानं बूट सोडून द्यायचा असतो. माझी स्की सारखी सुटत होती, म्हणून एका मित्राकडून स्क्रू पिळून तो खटका घट्ट करून घेतला. मोठा शहाणा!

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फ काचेसारखा कडक होता, तेव्हा कसाबसा निभावलो. दुपारी ऊन चढलं आणि वरच्या थराला पाणी सुटलं. बर्फ जड झाला. वळायला गेलो, एका स्कीची आतली धार त्या ओल्या बर्फात रुतली, स्की तिथेच थांबली, मी पुढे गेलो. खटका उघडला नाही. लांब स्की म्हणजे लांब कांबच. टोकाला अडकली की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. कट्ट असा आवाज मला आजही आठवतो. लिगामेंट तुटलं होतं.

इंदूर स्टेशनवर अण्णा घ्यायला आले होते. हमालानं आणि मित्रांनी मला उचलून उतरवलं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. रात्री ओटल्यावर बसून त्यांनी सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "लांबी कुणी ठरवली?"

"मीच."

बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चूक माझीच म्हणायची. तुला मापाचं कधी काही घेऊनच दिलं नाही मी."

मला त्या वेळी त्यांचा राग आला. मला बोलणी हवी होती, हे नको होतं. ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या, व्यायाम झाले. मी धड चालायला लागलो त्या दिवशी अण्णा मला राजवाड्याजवळच्या बुटांच्या दुकानात घेऊन गेले. मिल बंद, खिशात पैसे ते किती. दुकानदाराला म्हणाले, "बरोबर मापाचा दाखवा." स्वतः खाली वाकून अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून पाहिलं. पंचविसाव्या वर्षी मला पहिला मापाचा बूट मिळाला. अण्णा २००९ मध्ये गेले.

त्यानंतर बर्फाचं नाव मी काढलं नाही. पण आमची लेक नोकरीला लागली आणि तिला नेमका हाच नाद लागला. तीन हिवाळे गुलमर्गला जाऊन शिकली. गेल्या वर्षी जानेवारीत फोनवर म्हणाली, "बाबा, मी स्वतःची जोडी घेतेय. एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर."

तिची उंची एकशे त्रेसष्ट. माझ्या तोंडून काय निघावं? "थोडी मोठी घे. एकशे सत्तर घे. अजून शिकशील."

"बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे. आता कुठे वाढणार?"

मी गप्पच झालो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अगदी अण्णांसारखे बोललात."

शेवटी लेकीनंच हुकूम सोडला की फेब्रुवारीत गुलमर्गला यायचं, तुमची ती भीती तिथेच टाकून जायची. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारलं. दोन महिने मांड्यांचा व्यायाम करा, मग सोप्या उतारावर हरकत नाही, म्हणाले. गेलो.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथून गंडोला, म्हणजे दोरीवरचा पाळणा, आधी कोंगडोरीला नेतो आणि पुढे अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. गंमत अशी की एका दिवसात, एका डोंगरावर चार तऱ्हेचा बर्फ भेटतो. पहाटे कडक, दहानंतर दाबून सारखा केलेला छान बर्फ, दुपारी ओला नि जड, आणि झाडीत किंवा वर भुसभुशीत, गुडघाभर. मग स्की कुठल्या बर्फाच्या मापाची घ्यायची? हॉटेलात कांगडीजवळ बसून लेकीनं मला जे समजावलं ते तुमच्यासाठी लिहून ठेवतो. आपली पोरं आता कॅनडा-अमेरिकेत आहेत, नातवंडं बर्फात खेळतात, तर कामाला येईल.

हनुवटीपासून डोक्यापर्यंत, एवढ्या अंतरात स्कीचं टोक यावं, हा मोटा हिशेब. नवशिक्याला हनुवटीजवळ, मुरलेल्याला डोक्याजवळ. पण उंची हा नुसता अंदाज आहे. स्कीला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. त्याच उंचीचा जाडा माणूस असेल तर जरा लांब, सडपातळ असेल तर जरा आखूड.

लांब स्की वेगात स्थिर राहते, खडबडीत बर्फात डगमगत नाही आणि भुसभुशीत बर्फात कमी बुडते. पण वळवायला ताकद आणि जागा लागते. आखूड स्की पटकन वळते, झाडीत आणि अरुंद वाटेत सोपी पडते. मात्र वेग वाढला की थरथरते.

तिसरी गोष्ट आकाराची. आमच्या काळच्या स्की सरळ होत्या. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीनं मधे बारीक आणि टोकांना रुंद अशी स्की आणली आणि सगळा हिशेबच बदलला. अशी स्की धारेवर टेकवली की आपणहून वळते, मग एवढी लांबी लागते कशाला? पूर्वी दोन मीटरच्या स्कीवर स्लालोम शर्यत खेळणारे पुरुष आज एकशे पासष्टवर खेळतात. म्हणजे मी औलीत जी मर्दुमकी दाखवत होतो, ती आता जगज्जेतेही दाखवत नाहीत!

पुन्हा आजकालच्या बऱ्याच स्कींची टोकं होडीसारखी वर उचललेली असतात. त्याला रॉकर म्हणतात. टोकं बर्फाला टेकतच नाहीत, म्हणून टेकणारी धार आखूड होते. अशी स्की असेल तर नेहमीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त घेतली तरी चालते.

"मग मिश्र बर्फाला?" मी विचारलं.

"सगळ्या बर्फांना पुरी पडणारी जोडी नसतेच, बाबा. जास्त वेळ ज्या बर्फावर जाणार तो धरून लांबी ठरवायची. उरलेल्यासाठी मधली रुंदी बघायची." कडक, दाबलेल्या उतारासाठी मधे ऐंशी मिलिमीटरच्या आत-बाहेर, खोल भुसभुशीतासाठी शंभराच्या वर, आणि सगळं थोडं थोडं करायचं तर नव्वदच्या आसपास. तिची जोडी मधे अठ्ठ्याऐंशी, टोकांना थोडा रॉकर, लांबी एकशे अठ्ठावन्न. एकशे सत्तर का नको, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या स्कीच्या दुकानात गेलो. भिंतीला एक रुंद, झगझगीत, एकशे ऐंशीची जोडी टेकवलेली. खोटं कशाला बोलू, नजर तिकडेच गेली. दुकानातल्या काश्मिरी पोरानं फॉर्म पुढे केला: वय, उंची, वजन, बुटाच्या तळव्याची लांबी, आणि येतं किती. यावरूनच खटका किती घट्ट ठेवायचा ते ठरतं, आणि पन्नाशीनंतर तो एक पायरी सैल ठेवतात. मी वजन अठ्ठ्याहत्तर लिहिलं आणि ‘मध्यम’वर खूण केली. लेकीनं माझ्या हातातून पेन घेतलं. वजन ब्याऐंशी केलं. ‘मध्यम’ खोडून ‘नवशिका’ केलं.

"तीस वर्षांपूर्वी तीन दिवस केलंय म्हणून मध्यम?"

दुकानातला पोरगा खाली बघून हसत होता. वजन बघून त्यानं एकशे अडुसष्टची जोडी काढली. लेक म्हणाली, गुडघा जुना आहे, वेग घ्यायचा नाही, दाबलेला उतारच आहे, एकशे साठ द्या. जोडी उभी करून माझ्याशेजारी धरली तर टोक नाकापर्यंत आलं. माझ्या आजूबाजूला विशीतली पोरं लांब लांब स्की खांद्यावर टाकून निघाली होती. मी म्हटलं, "हीच बरोबर आहे." आणि मग तिनं खाली वाकून माझ्या बुटाच्या बकला लावल्या, पुढे टाच-बोटं नीट बसलीत का ते दाबून पाहिलं. अगदी राजवाड्याच्या दुकानात अण्णांनी पाहिलं होतं तसंच. मला डोळ्यांवर गॉगल असल्याचं बरं वाटलं.

पराक्रम काही झाला नाही. चार दिवस खालच्या सोप्या उतारावर गेलो, सकाळी दहा ते बारा, बर्फ जड व्हायच्या आत परत. दुसऱ्या दिवशी पडलो. खट्ट झालं आणि छातीत धस्स झालं. पाहतो तर खटका उघडलेला, स्की बाजूला पडलेली, गुडघा शाबूत. बर्फात बसून मी येड्यासारखा हसत होतो. लेक घाबरून वर आली, तर तिलाही कळेना काय झालं.

मंडळी, सांगायचं एवढंच. लांबी आजच्या अंगाची, आजच्या जमण्याची घ्यावी. नातवंडांना ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठी स्की घेऊ नका. बर्फाच्या देशांत मुलांना मोसमभरासाठी भाड्यानं मिळते, ती घ्या. मोठा शर्ट दुमडता येतो, मोठ्या बुटात कापूस घालता येतो, स्कीला दुमड घालता येत नाही. आणि खटक्याचा स्क्रू जाणकाराशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका.

अण्णांना मात्र मी दोष देत नाही. वाढत्या मापाच्या त्या शर्टात ‘पोरगं वाढेल’ हा भरवसा होता. तो मापाच्या शर्टात मावला नसता.

परत आल्यावर पहिल्याच बुधवारी गणपतीला गेलो. चालत गेलो, चालत आलो. तुमच्याही घरची वाढत्या मापाची काही गोष्ट असेल तर खाली जरूर लिहा. वाचायला आवडेल.