पाणी, पंगत आणि प्याला

आमच्या समाजात मनुष्य कोणाचा, हे तो काय मानतो यावरून फारसे ठरत नसे. तो कोणाच्या हातचे पाणी पितो व कोणाच्या पंगतीस बसतो, यावरून ते ठरत असे. ख्रिस्ती मंडळीचे सभासदत्वही पाणी व अन्न यांभोवतीच उभारलेले आहे, इकडे आमच्या सुशिक्षितांचे लक्ष क्वचितच जाते. मार्टिन लूथरने रोमच्या मंडळीतील सात संस्कारांची छाननी केली आणि तिच्यातून त्याच्या पंथात बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच मुख्य राहिले. पहिल्याने मूल मंडळीत येते. पुढे प्रश्नोत्तरी शिकून स्वमुखाने विश्वास कबूल केला, म्हणजे ते दुसऱ्याचे अधिकारी होते. स्कॉटलंडची मंडळी इतर गोष्टींत लूथरपासून बरीच दूर गेली, पण ही दोन दारे तिनेही ठेविली. आणि जालना भागात ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला तो विशेषेकरून ह्याच मंडळीच्या द्वारे.

तो करणारा मात्र स्कॉच नव्हे. नारायण शेषाद्रि हा देशस्थ ब्राह्मण. त्यांनी १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या मागोमाग पाद्र्यांकडे राहावयास गेला. परंतु तो अल्पवयी असल्यामुळे कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून तो ख्रिस्ती मंडळीचा सभासद नव्हता. आणि परधर्मीयांच्या घरचे अन्न पोटात गेले, म्हणून जातीचाही राहिला नाही! प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी उचलला, तेव्हा ब्रह्मवृंदात दोन तट पडून खुद्द बाळशास्त्र्यांवर बहिष्काराची पाळी आली. दोन पंक्तींच्या मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पोराची स्थिती आम्हांस वडील भावाच्या स्थितीहून अधिक हृदयद्रावक वाटते. वडील भावास निदान एक घर मिळाले होते.

धर्मांतर किंवा जातिबहिष्कार यांमुळे वारसा बुडू नये, असा कायदा १८५० साली कंपनी सरकारने केला. जालना पडले निजामाच्या राज्यात. तेथे त्या कायद्याचा आधार नव्हता. म्हणून सर सालारजंग दिवाण असता नारायणरावांस जालन्याजवळ जमीन मिळून तीवर बेथेल हे गाव वसले, या गोष्टीचे महत्त्व केवळ धार्मिक नव्हे. सभासदास आधी उभे राहण्यास जागा पाहिजे. बेथेलच्या वस्तीत मांग समाजातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्यांच्यासह एका ब्राह्मणाने एका भाकरीचा तुकडा घ्यावा आणि एका प्याल्यास ओठ लावावे, हे त्या काळी किती कठीण होते याची कल्पना, ज्यांनी सोवळ्याची घरे पाहिली आहेत त्यांसच येईल.

हे आपोआप घडत नसते, याची साक्ष लूथरपंथी मंडळ्यांतच आहे. तामिळ देशात तरंगंबाडीस त्यांचे मिशन १७०६ साली सुरू झाले. तेथील मंडळीत उच्च जातींच्या ख्रिस्त्यांची बैठक निराळी असे. प्रभुभोजनातही जातीचा क्रम पाळला जाई. कलकत्त्याचे इंग्लिश बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली आपल्या अखत्यारातील तामिळ मंडळ्यांत हा भेद बंद करण्याचा हुकूम सोडला, तेव्हा कित्येक कुटुंबे मंडळी सोडून गेली. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावर एकदाच पडते, ते सोसवले. प्याल्यापाशी शेजारी पुन्हा पुन्हा भेटतो, ते सोसवेना.

स्कॉटलंडात प्रभुभोजनापूर्वी मंडळीचे वडील लोक पात्र सभासदांस धातूचे बिल्ले देत. बिल्ला नाही त्यास मेजावर जागा नाही. ही चाल आमच्या जातपंचायतीची आठवण करून देते खरी. पण बिल्ला आचरण व ज्ञान पाहून मिळे, आणि आज नाकारलेला पुढच्या खेपेस मिळू शके. जन्माचा बिल्ला असा बदलून मिळत नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास उत्तर हिंदुस्थानातील सहा मंडळ्या एक झाल्या. त्या एकीत बालकाचा बाप्तिस्मा व प्रौढपणी कबुली देऊन घेतलेला बाप्तिस्मा हे दोन्ही मान्य झाले. पाण्याचा वाद असा समजुतीने मिटला. प्याल्याचे म्हणाल तर आता पुष्कळ ठिकाणी प्रत्येकास काचेचा लहानसा पेला स्वतंत्र मिळतो. आरोग्याच्या दृष्टीने ही सोय उत्तम, हे आम्हांस मान्य आहे. तरी बेथेलची हकीकत वाचल्यावर तो एकच, सर्वांच्या ओठांचा प्याला आम्हांस अधिक बरा वाटतो.