पिठलं थांबत नाही

पिठलं हा घाईचा पदार्थ आहे, पण त्याची खरी घाई करताना नसते, खाताना असते. कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग-हळद, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या आणि कांदा पडला, पाण्याला उकळी फुटली, की एका हातानं बेसन भुरभुरायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. गाठ होऊ द्यायची नाही. (काही घरांत पीठ आधीच पाण्यात कालवून घेतात. ते सोपं खरं, पण पेरलेल्या पिठाचं पिठलं मला अधिक आवडतं.) मग झाकण ठेवून एक वाफ आणि वरून कोथिंबीर. त्यानंतर मात्र पिठलं कुणासाठी थांबत नाही. बघता बघता त्याच्यावर साय धरते, आणखी थोड्या वेळानं ते सुरीनं कापावं इतकं घट्ट होतं. म्हणून कढई खाली उतरली की घरात हाक जाते, "चला रे, पिठलं गार होतंय!" अभ्यास करणारा पुस्तक पालथं घालतो, अंगणात बोलत उभा असलेला "येतो, येतो" म्हणत आत वळतो, आणि बघावं तर सगळं घर पाटावर.

आमच्या घरी रोजचं जेवण असं नसायचं. रोज पोळ्या असत. आई तव्यापाशी बसे, आम्ही मुलं आणि बाबा आधी जेवत असू, आणि तव्यावरची पोळी फुगली रे फुगली की ती कुणाच्या तरी ताटात येई. गरम पोळी वाढणं हे आमच्याकडे प्रेम समजलं जायचं, आणि ते प्रेमच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या प्रेमाची किंमत अशी, की आईचं पान सगळ्यांची उठल्यावर. तोपर्यंत भाजी तळाला गेलेली, आमटी कोमट झालेली, आणि स्वयंपाकघरात ती एकटी. पाटावर मांडी घालून निवांत बसण्याऐवजी ओट्याला टेकून, हातात ताट धरून, दोन घास. जेवताना कुणी कुणाला काय सांगितलं, कोण कशावर हसलं, हे तिला भिंतीपलीकडून ऐकू येई. त्यात भाग घ्यायला ती नसे.

पिठलं-भाताच्या रात्री आई आमच्यात बसायची. कुकर झालेला, कढई उतरलेली, चटणीची बरणी आणि ताकाचं भांडं मधोमध. आता वाढायला उठायचं कारणच नाही, ज्याला जे हवं ते त्यानं हात लांबवून घ्यायचं. भाकरी असली तरी ती आधीच थापून टोपलीत फडक्याखाली झाकलेली. आई आधी कांदा बुक्कीनं फोडायची, मग बोलायला लागायची. तिच्याकडे सांगण्यासारखं किती होतं, ते आम्हांला त्या रात्रींमुळे कळलं. तिच्या माहेरचा ओढा, शाळेतल्या बाई, धाकट्या मामानं चोरलेले पेरू. एरवी ती आमच्याशी बोलायची ती "अजून घे", "संपव", "पाणी हवं का" एवढंच. पिठल्याच्या रात्री ती गोष्टी सांगायची.

एकत्र जेवण सोप्या स्वयंपाकावर उभं असतं, असं मला वाटतं ते यामुळे. रांधणाऱ्यालाही बसता येईल असं जे जेवण, ते घराचं जेवण. पंचपक्वान्नांना माझा विरोध नाही. सणाला पुरणपोळी हवीच, आणि कटाची आमटी तर हवीच हवी. पण ज्या जेवणात एक माणूस सतत उभा असतो, त्याला सगळ्यांचं जेवण म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आपल्याकडे असे बसू देणारे पदार्थ किती आहेत, ते पाहिलं की जुन्या बायकांच्या शहाणपणाला हात जोडावेसे वाटतात. तुरीच्या फोडणीच्या वरणात कणकेच्या लाटीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडले की वरणफळं होतात. कुणी त्यांना चकोल्या म्हणतं. पोळी आणि आमटी एकाच पातेल्यात शिजते, वर तुपाची धार सोडली की वेगळं काही लागत नाही. विदर्भात गोळाभात करतात. भरड्या डाळीच्या पिठाचे तिखट-मिठाचे गोळे भाताच्या वाफेवर शिजतात, मग ते भातात कुस्करून वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. कोकणात कुळथाची पिठी आणि आसट भात. तिच्यात आमसूल पडलेलं असतं, आणि पावसाळ्याच्या रात्री त्या दोहोंपुढे मेजवानी फिकी पडते. गोव्यात पेज, सोबत लोणच्याची फोड नाहीतर भाजलेली सुकी मासळी. देशावर मुगाची खिचडी, कढी, पापड. हे सगळं गरिबीतून आलं, त्यात खोटं काही नाही. एक चूल, एक भांडं, मोजकं सरपण आणि शेतावरून थकून आलेली बाई. अडचणीतून आलेल्या या जेवणांनी एक मोठी सोय करून ठेवली. भांडं एक, म्हणून वेळ एक, आणि वेळ एक म्हणून माणसं एकत्र.

पुढे घराघरांत कुकर आला आणि त्यानं हेच काम शहरात केलं. एकावर एक रचलेले डबे, खाली डाळ, मध्ये तांदूळ, वर बटाटे. तीन शिट्ट्या झाल्या की एका गॅसवर तीन पदार्थ तयार. नोकरी करणारी आई संध्याकाळी लोकलमधून उतरून घरी आली की आधी हात-पाय धुवायची आणि कुकर लावायची, मग तिथेच भिंतीला टेकून बसायची. शिटी होईपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटं तिची असत. स्वयंपाकाच्या पुस्तकांनीही आपला वाटा उचलला. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' 1910 साली आलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 साली आली, आणि तिनं वाटी-चमच्याच्या मापानं सांगितल्यामुळे, शेजारी विचारायला सासू-आजी नसलेल्या दोन खोल्यांतल्या बिऱ्हाडांना हात मिळाला. आमच्या घरच्या प्रतीची पानं हळदीनं पिवळी झालेली आहेत. सर्वांत पिवळी पानं रोजच्या जेवणाची, पक्वान्नांची त्या मानानं कोरी.

घराबाहेरही पानाला पान लावून बसण्याची ताकद किती, हे ज्यांना ते होऊ द्यायचं नव्हतं त्यांना चांगलं ठाऊक होतं. मुंबईत 1849 साली निघालेल्या, जात मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे. जात मानत नाही, याचा पुरावा म्हणून नुसतं बोलणं चालत नसे, घास गिळून दाखवावा लागे. हे सारं गुप्तपणे चाले. सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा घेतला, तर ते प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपाची ही कथा. वारकऱ्यांच्या काल्यात मात्र सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवलेल्या असतात, कुणाचा घास कुठला ते ओळखू येत नाही. गावात परतल्यावर पुन्हा पंगती वेगळ्या मांडल्या जात, हेही तितकंच खरं. नुसत्या सहभोजनानं जात मोडत नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' या आपल्या प्रत्यक्षात न झालेल्या, पण छापून गाजलेल्या भाषणात स्पष्ट लिहिलं होतं. शेजारी बसणं ही सुरुवात असते. त्यापुढे माणसं एकमेकांची व्हावी लागतात.

घरातही तसंच आहे. बाईला पंगतीत बसवलं, पण चूल, भांडी, उद्याची भाजी आणि डब्याचा विचार सगळा तिच्याच डोक्यात ठेवला, तर ती बसूनही बसलेली नसते. घास घेता घेता तिचं मन ओट्यावर असतं.

मुंबईच्या गिरणगावात एकत्र जेवण्याची वेगळीच तऱ्हा होती. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी गाळ्यात दाटीवाटीनं राहत, बायकापोरं गावाला. त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बायका, आपल्याच खोलीत, महिन्याच्या हिशेबानं. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. घरापासून तुटलेल्या माणसांना रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, ठरल्या चेहऱ्यांच्या सोबतीनं जेवायला मिळणं हा केवढा आधार असेल! आणि पाळीमागून पाळीला वाढून झाल्यावर त्या माउल्या स्वतः किती वाजता जेवत असतील, हा प्रश्नही मनातून जात नाही.

एकत्र जेवताना एकमेकांची खबर मिळते, आणि ती विचारून मिळत नाही. बाबांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही की काहीतरी बिनसलंय हे आईला कळायचं. मग त्या वेळी ती काही न बोलता ताक पुढे सरकवायची. बहिणीनं चटणी खाल्ली नाही म्हणजे तिचा घसा धरलाय. आजी एका घासाला फार वेळ लावतेय म्हणजे दाढ दुखतेय, उद्या तिच्यासाठी भात मऊ करायचा. महिनाअखेरीला सगळ्यांत मिळून तीनच पापड भाजले जायचे, आणि ते कुणी न सांगता तुकडे करून घेतले जायचे. मुलं वाटून घ्यायला तिथेच शिकतात. पातेल्यात किती उरलंय आणि मागे कोण राहिलंय, याचा अंदाज घेऊन डाव उचलायचा, हा धडा शाळेच्या कुठल्याही पुस्तकात नाही.

आता घरांची घड्याळं जुळत नाहीत, हे मला मान्य आहे. एकाची पाळी रात्रीची, दुसऱ्याची बैठक परदेशातल्या वेळेची, मुलगी क्लासहून साडेनवाला येते. ज्याला जमेल तसं त्यानं गरम करून खायचं आणि समोर मोबाइल उभा करायचा. यात कुणाला दोष देऊन काही होणार नाही. पण अशा घरांतही मी वाट काढलेली पाहिली आहे. एका ओळखीच्या कुटुंबानं रात्रीचा नाद सोडला आणि सकाळचा धरला. सात वाजता सगळे मिळून थालीपीठ खातात. भाजणी डब्यात तयार असते, कांदा रात्री चिरून ठेवलेला असतो, आणि थापायचं काम मुलाचं. दुसऱ्या एका घरात बुधवार बापलेकांचा. ते दोघं खिचडी टाकतात, आई कामावरून येते ती थेट पानावर. सुरुवातीला खिचडी करपायची, आता तिच्या वासानं शेजारची मंडळी विचारतात. परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांच्या बॅगांत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला भरून देणाऱ्या आया मी पाहते. त्यांना मला एवढंच सांगावंसं वाटतं की पुडक्यांबरोबर ढवळायची सवयही द्या. वरण-भात येणारा मुलगा चार अनोळखी पोरांना एका खोलीत जेवायला बोलावू शकतो.

सोप्या जेवणाला कमी लेखण्याची एक खोड आपल्याला लागली आहे. पाहुणे येणार म्हटलं की तीन भाज्या, दोन कोशिंबिरी आणि गोड, आणि घरची बाई संध्याकाळपासून कपाळाचा घाम पुसत उभी. पाहुणे निघाले की ती म्हणते, "बोलणंच झालं नाही." मग पाहुणे आले कशाला होते? ज्यांच्याकडे मी मनापासून जेवले, ती घरं आठवली तर पदार्थ आठवत नाहीत. आमटीत मीठ जास्त झालं होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही, हे आठवतं. काकूंनी पदर खोचून गाण्याच्या भेंड्यांत भाग घेतला, हे आठवतं. काका ताटं घासायला बसले आणि त्यांना कुणी उठवलं नाही, हे तर फारच चांगलं आठवतं.

तेव्हा उद्यापासून सगळं बदला असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून एक वेळ धरा, तीही घरातल्या सगळ्यांना झेपेल अशी. एकच भांडं चढवा, सोबत कच्चा कांदा आणि ताक पुरे. पातेलं मधोमध ठेवा, म्हणजे वाढण्यासाठी कुणाला उठावं लागणार नाही. चिरायला एकानं, ढवळायला दुसऱ्यानं आणि भांड्यांना तिसऱ्यानं यावं. आणि ज्यानं रांधलं त्याचं पान पहिलं मांडा. ते माणूस येऊन बसेपर्यंत कुणीही पहिला घास घेऊ नका.