साखळी कोठें बांधावी?

बदनापूरच्या आमच्या शेताच्या बांधावर आजोबांनीं लावलेले चार साग गेल्या माघांत तोडावयाचे ठरले. सन १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणें सागाला वृक्ष-अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती मिळाली. पूर्वीं असे ओंडके बैल ओढीत. आतां दारांत ट्रॅक्टर आहे.

काळी जमीन वाळली होती. चाकें रुतण्याची भीति नव्हती. हाताला सोयीची पडली म्हणून मीं साखळी मागच्या आंसाच्या वरील खुंटीला बांधली. पुतण्यानें ट्रॅक्टर चालूं केला. ओंडका दगडाला अडला आणि पुढचीं चाकें हातभर वर उचललीं गेलीं! त्यानें तत्काळ क्लच दाबला, म्हणून तीं खालीं आलीं. न्याहारी घेऊन आलेल्या वहिनी बांधावरच उभ्या होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहींत.

ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर आहे, त्यांच्यासाठीं हें सांगतों. ओढ आंसाच्या वरून असली म्हणजे अडलेला भार यंत्राला मागें उलथवूं पाहतो. आंसाच्या खालच्या हुकाला साखळी बांधल्यास ही भीति पुष्कळ कमी होते. बैल अडला कीं आपण होऊन थांबतो. यंत्र थांबत नाहीं.

उरलेले ओंडके आम्हीं तसेच ओढले. साखळी मात्र प्रत्येक वेळीं वहिनींनीं स्वतः पाहिली.