पंचवीस वर्षांच्या आतली पत

गेल्या वर्षी ज्येष्ठात आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. ती तेथे शिकते, वय तेवीस. सौभाग्यवतींची एक मावसबहीण पेनसिल्व्हेनियातील एका लहान गावी राहते. तिथवर ना रेल्वे जाते, ना बस. तीन दिवसांसाठी गाडी भाड्याने घ्यावी, असे ठरले.

गाडी ठरविताना मुलीने मला एक अट वाचून दाखविली. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या कंपन्या एकवीस वर्षांखालील माणसाला गाडीच देत नाहीत आणि एकवीस ते चोवीस या वयाकडून भाड्याखेरीज रोजचा जादा आकार घेतात. तरुण चालकांच्या हातून अपघात अधिक होतात, हा विमेवाल्यांचा जुना हिशेब त्यामागे आहे. आमच्यासाठी हा आकार दिवसाला पंचवीस डॉलर होता. तीन दिवसांचे पंचाहत्तर, म्हणजे सहा हजार रुपयांहून अधिक! परदेशात प्रत्येक डॉलर रुपयांत मोजण्याची खोड आपल्या लोकांची जात नाही. माझीही गेली नाही.

मी निघण्यापूर्वी सांगलीच्या आरटीओतून वर्षभराच्या मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. माझे वय चौपन्न. मी सहज म्हणालो, "बेटा, गाडी माझ्या नावावर घे. चालव तूच. कोण विचारतो?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पप्पा, करारात ज्याचे नाव नाही त्याने चालवली आणि काही झाले, तर विमा एक पैसा देत नाही. समोरच्याची भरपाईसुद्धा आपल्या अंगावर येते. आणि माझे नाव दुसरी चालक म्हणून घातले, तरी तो आकार पडतोच."

"मग मीच चालवतो."

"उजव्या बाजूने? आईला बसवून?"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. पस्तीस वर्षे पेढीवर बसून 'करारात लिहिले तेवढेच खरे' हे मी नोकरांना शिकवीत आलो, आणि पंचाहत्तर डॉलरसाठी मुलीला आडवाट दाखवीत होतो. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी डबे भरायला घेतले, कारण सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायचे तर पहाटे निघणे भाग होते.

काउंटरवरील बाईंनी मुलीचा परवाना पाहिला, तिचे क्रेडिट कार्ड घेतले आणि भाड्याव्यतिरिक्त दोनशे डॉलर अनामत म्हणून अडकवून ठेवले. कार्ड चालकाच्याच नावाचे लागते. बापाचे चालत नाही. तेथे नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला कोणी उधार देत नाही, म्हणून हिने आधी बँकेत पाचशे डॉलर ठेवून तेवढ्याच मर्यादेचे कार्ड घेतले होते आणि दर महिन्याला वेळेवर फेड करून पत उभी केली होती. हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. पत म्हणजे काय, ते आपल्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. परंतु ती मुलीने परक्या मुलुखात, आपले नाव न सांगता मिळविली होती.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तिने फोन काढला आणि गाडीभोवती सावकाश फिरून प्रत्येक ओरखड्याचे, चाकांचे, पेट्रोलच्या काट्याचे चित्रण केले. मी घाई करू लागलो. ती म्हणाली, "परत देताना हा ओरखडा माझ्या माथी येईल."

वाटेत पहिला तासभर माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधीत होता. मग रस्ता डोंगरात शिरला, रहदारी विरळ झाली आणि मी तिला एक गोष्ट सांगितली, जी तिच्या आईलाही पुरती ठाऊक नव्हती.

मी एकवीस वर्षांचा असताना वडिलांनी मला प्रथमच एकट्याने हरिपूरला हळद घ्यायला पाठविले. त्या काळी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत; 2005 च्या महापुरानंतर त्यांतली अनेक नामशेष झाली. मी वरचा थर पाहिला, बोटांनी गाठ मोडून पाहिली आणि सौदा केला. पेव उपसले तेव्हा तळाचा माल ओल लागून काळा पडलेला निघाला. वडील रागावले नाहीत. दिवाणजींना म्हणाले, "तूट याच्या नावे लिहा." खतावणीत माझ्या नावाचे पान त्या दिवशी उघडले गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला पुन्हा हरिपूरला पाठविले, तेही एकट्यालाच.

"मग ते पैसे तुम्ही फेडले?" मुलीने विचारले.

मला आठवेना.

तिसऱ्या दिवशी टाकी भरून गाडी परत केली. तेथल्या माणसाने दारावरील एका रेघेवर बोट ठेवले. मुलीने चित्रण दाखविले. तो मान हलवून पुढे गेला. पंचाहत्तर डॉलर मी देऊ केले, ते तिने घेतले नाहीत.

सांगलीला परतल्यावर मी माळ्यावरील जुन्या लाल वह्या काढल्या. दोन दिवस धूळ खाल्ली. माझे पान सापडले. नावेची रक्कम दिवाणजींच्या मोडी अक्षरात होती, आणि जमेची बाजू कोरी. त्या पानाचा फोटो काढून मी मुलीला पाठविला. तिला मोडी येत नाही. मग फोनवर वाचून दाखविले.