बोरीचा पूल आणि उमरग्याची वाट

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ग्रंथ चाळले असता १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांची हकिकत बहुधा दोन-चार वाक्यांतच आटोपलेली आढळते. फौजा शिरल्या, निजामाचा प्रतिकार ढासळला आणि १०९ तासांत मामला निकालात निघाला, एवढेच वाचकाच्या पदरी पडते. ज्या राजमार्गावरून त्या फौजा गेल्या त्याच मार्गावरच्या उमरग्यात राहून मी या मोहिमेचा अभ्यास करीत आलो आहे, आणि माझे मत असे बनले आहे की, तिचे भवितव्य पहिल्याच दिवशी, नळदुर्गाजवळ बोरी नदीवरच्या एका पुलापाशी ठरले.

या मताचे कारण आमच्या मातीत आहे. भाद्रपदातील काळी जमीन पाण्याने फुगली म्हणजे तीत बैलगाडीचे चाकसुद्धा आसापर्यंत रुतते; मग रणगाडे, तोफा आणि रसदीच्या मोटारी यांना सडक सोडून एक पाऊलही टाकता येणार नाही, हे उघड आहे. जनरल गोडार्ड यांनी आखलेल्या योजनेत पूर्वेकडून विजयवाड्याची आणि पश्चिमेकडून सोलापूरची अशा दोन मुख्य चढाया होत्या, व त्यांतील पश्चिमेची धुरा मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे होती. सोलापूर ते हैदराबाद ही एकच सडक त्यांचा सारा आधार, आणि त्या सडकेच्या उंबरठ्यावरच दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातील पाणीमहालाने प्रसिद्ध झालेला नळदुर्गचा किल्ला व बोरीचे पात्र उभे. पूल उडाला असता तर चिलखती दलाला भर पावसाळ्यात काठावर तिष्ठत बसावे लागले असते.

तो उडवण्याची सिद्धताही झालेली होती. त्या कामगिरीवर नेमलेला एक ब्रिटिश भाडोत्री अधिकारी त्याच दिवशी भारतीय सैन्याच्या हाती लागला. १३ तारखेस पहाटे सरहद्द ओलांडणाऱ्या सातव्या ब्रिगेडने वेग आणि अनपेक्षितपणा यांच्या बळावर पूल शाबूत ताब्यात घेतला, आणि दुसऱ्या शीख पलटणीने पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीच्या मोर्चांवर हल्ला चढवला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटात होती. तेथून लेफ्टनंट कर्नल रामसिंग यांचे पथक पुढे सुटले आणि दुपारी सव्वातीनला, निजामाच्या मुलखात सुमारे ६१ किलोमीटर आत, उमरग्यास पोहोचले. येथील रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, प्रतिकार फार वेळ टिकला नाही.

त्याच दिवशी उत्तरेकडच्या तुकडीची काय गत झाली ते पाहिले म्हणजे पुलाचे मोल ध्यानी येते. तिने तुळजापुरात सुमारे दोनशे रझाकार व निजामी शिपाई यांच्याशी दोन तास झुंज देऊन गाव घेतले, परंतु तेथून लोहाऱ्याकडे निघाल्यावर नदीला आलेल्या पुराने तिची वाट अडवली. शत्रूला जे साधले नाही ते पाण्याने साधले. दुसऱ्या दिवशी उस्मानाबादेत गल्लीबोळांतून निकराची लढाई झाली, तर उमरग्यास मुक्काम केलेले दल, वाटेवरच्या दबा धरलेल्या मोर्चांवर टेम्पेस्ट विमानांनी मारा केल्यानंतर, दुपारी राजेश्वरला जाऊन भिडले. पुढे जहिराबाद, १७ तारखेस सायंकाळी युद्धविराम, आणि दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती जनरल एल् एद्रूस यांची शरणागती.

मात्र या यशाचे सारे श्रेय पलटणींच्या खाती जमा करणे मला मान्य नाही. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्यास १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, तेथील मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि तेच स्वामी रामानंद तीर्थ म्हणून पुढे संस्थानातील लढ्याचे नेते झाले. उमरगा तालुक्यातल्याच गुंजोटीचे वेदप्रकाश १९३८ साली हुतात्मा झाले. १९४७-४८ च्या सालात, लातुरात वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा सूत्रधार असताना, सोलापूरच्या सरहद्दीवर शिबिरे थाटून ज्या तरुणांनी नाकी आणि चौक्या जेरीस आणल्या, त्यांनी निजामाच्या अंमलाचा दरारा गावोगाव आधीच खिळखिळा केला होता.

आणि विजयानंतरचेही लिहिले पाहिजे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने कारवाईच्या काळात व तिच्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत मुख्यत्वे मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बीदर, नांदेड यांच्या जोडीला आमचा उस्मानाबाद होता. रझाकारांनी जाळलेल्या घरांची यादी जितक्या निष्ठेने आम्ही केली, तितक्याच निष्ठेने या मृतांचीही गाववार नोंद व्हावयास हवी होती. ती झालेली नाही, याचे मला अभ्यासक म्हणून आणि या तालुक्याचा रहिवासी म्हणून अतोनात दुःख आहे. त्या साली दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नळदुर्गापासून तलमोडपर्यंत, सडकेच्या दोन्ही अंगांच्या गावांतून, हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरी बसून त्यांच्या जबान्या टिपून घेण्याचे काम याच वर्षी हाती घेतले पाहिजे.