वारुळातली वाळवी, फांदीवरचा काडीकिडा

चरोदा म्हटलं की भिलाईचं मोठं रेल्वे यार्ड, मालगाड्यांच्या रांगा आणि जवळचा पोलाद कारखानाच डोळ्यांपुढे येतो. पण इथून गाडीने रायपूर ओलांडून पुढे गेलं, की काही तासांत बारनवापारा अभयारण्य लागतं. बार आणि नवापारा या दोन गावांवरून त्याला हे नाव पडलं. १९७६ मध्ये स्थापन झालेलं हे जंगल सुमारे २४५ चौरस किलोमीटरचं आहे. साग, साल, बांबू, मोह आणि तेंदूची झाडं इथे आहेत.

बिबट्या दिसला नाही तरी वाळवीची वारुळं दिसतातच. घरात वाळवी म्हणजे शत्रू. जंगलात मात्र ती सफाई कामगार. तिची कातडी नाजूक, उन्हात लगेच सुकणारी. म्हणून ती मातीच्या बोगद्यातूनच फिरते. वारूळ बांधणाऱ्या अनेक जाती वाळलेलं लाकूड आणि पाचोळा आत नेऊन त्यावर बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात त्यातूनच अळंबी उगवते. विदर्भातल्या लोकांच्या आवडत्या सात्या त्या याच!

काडीकिड्याचं सगळं उलट. त्याच्याकडे ना किल्ला, ना सैन्य. दिवसभर तो वाळक्या काडीसारखा निश्चल राहतो आणि वारा आला की पानांसोबत डुलतो. रात्री हिरवी पानं खातो. लहानपणी पाय तुटला, तर पुढच्या काती टाकताना नवा फुटतो. काही जातींची मादी नराशिवायही अंडी घालते. बहुतेक जातींची अंडी बियांसारखी दिसतात आणि जमिनीवर पाचोळ्यात पडून राहतात.

एक लाखोंच्या गर्दीत जगते, दुसरा एकट्याने लपून. पण दोघांनाही पाचोळा हवाच. वाळवीला अन्न म्हणून, काडीकिड्याला अंड्यांसाठी.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा अनेक ठिकाणी पेटवला जातो. त्या आगीत ही अंडी आणि हे अन्न दोन्ही जळतं. फुलं वेचणाऱ्या कुटुंबांचं पोट त्यावर चालतं, त्यामुळे नुसतं 'आग लावू नका' म्हणून भागत नाही. झाडाखाली जाळी बांधली, तर फुलं अलगद मिळतात, स्वच्छही राहतात आणि पाचोळाही वाचतो.

अभयारण्य साधारण नोव्हेंबर ते जून खुलं असतं. मुलांना नक्की न्या. फक्त वारुळात काठी खुपसू नका, आणि एखादी काडी चालताना दिसली, तर तिला तिच्या फांदीवरच राहू द्या.