नीट न चालण्याचे शब्द

इंग्रजी भाषेत नीट चालण्याला जेवढे शब्द आहेत, त्याहून नीट न चालण्याला अधिक असावेत. शाळकरी मुलांच्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत ते ओळीने उभे असतात : स्टॅगर, टॉटर, हॉबल, लिम्प, शफल, वॉडल. शेजारच्या मराठी अर्थाच्या रकान्यात मात्र बहुतेकांना एकच पोशाख चढवलेला दिसतो, ‘लडखडत चालणे’. मराठीवर हा अन्यायच होय.

एक पाय दुखरा असेल तर माणूस लंगडतो. गुडघ्यांत बळ नसेल तर लटपटतो. भोवळ आलेला भेलकांडतो आणि मद्यपी झोकांड्या खातो. पाय उचलवत नसेल तो खुरडत जातो, दगड लागला तो ठेचकाळतो. समोर दगड नसतानाही जो अडखळतो, त्याचे मन बहुधा दुसरीकडे गुंतलेले असते. दुडदुडणाऱ्या बाळाचे चालणेही अस्थिरच; पण त्या शब्दात काळजीपेक्षा कौतुक जास्त आहे. आपल्या व्यापारी घरांनी तर यांतले काही शब्द थेट पेढीवर आणले. वसुली रखडते, पेढी डगमगते, कर्ता भागीदार गेला की धंदा लंगडा पडतो. डगमगणाऱ्या पेढीला अजून हात देता येतो आणि कोलमडलेलीला नाही, हा भेद उधारी देणारा नेमका ओळखतो.

वैद्यकातही हा भेद मोलाचा आहे. जवळजवळ, घसटती पावले टाकणारा, चालताना हात न हलवणारा वृद्ध पाहिला की डॉक्टरांच्या मनात कंपवाताची शंका येते. पक्षाघातानंतर काहींचा एक पाय अर्धवर्तुळात फिरून पुढे येतो. कमरेचे स्नायू दुबळे झाले की चाल बदकासारखी डुलते, आणि लहान मेंदूला इजा झाली की पावले फाकून, मद्य न घेताही झोकांड्या जातात. म्हणजे ‘त्यांना नीट चालता येत नाही’ एवढ्या सांगण्याने डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही.

गिरगावातील आमच्या इमारतीचा जिना लाकडी आणि दिवसाही अंधारा आहे. सासूबाई गेल्या वर्षी तो उतरताना वारंवार थबकू लागल्या. येणारे-जाणारे गुडघ्यांसाठी तेले सुचवीत होते. परळच्या एका डॉक्टरांनी विचारले, “आजी, पाय दुखतो की लटपटतो?” त्या म्हणाल्या, “दोन्ही नाही हो. मी चाचपडते.” डॉक्टरांनी गुडघ्यांचा विषय बाजूला ठेवून त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे धाडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

सत्तरी ओलांडलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंना तो शब्द ऐन वेळी सुचला, याचे मला नवल वाटले आणि पुढे वाटेनासेही झाले. ज्यांच्या धर्मात चालणे हाच व्रताचा विषय आहे, त्यांना पावलाकडे पाहण्याची सवय असतेच. पाच समितींत पहिली ईर्यासमिती : पुढची चार हात जमीन निरखीत, जीव चिरडणार नाही अशा बेताने पाऊल टाकणे. तिथे चालण्याची जबाबदारी पायांइतकीच डोळ्यांवर असते. भोजचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, ती दृष्टी मंदावल्यामुळे. जमीन दिसत नसेल तर अहिंसा पाळून चालायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. छत्तीसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, त्यांचा देह शांत झाला. श्वेतांबर परंपरेत जंघाबळ क्षीण झालेले साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी स्थिरवास करतात. थकलेल्या पायांसाठी ‘जंघाबळ क्षीण होणे’ असा शब्दप्रयोग मला अन्यत्र कुठे आढळला नाही. त्यात तक्रार नाही की दया नाही. शिल्लक मोजावी तसे बळ मोजले आहे.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डावा डोळा पर्युषणानंतर करायचा ठरला आहे. ‘चाचपडणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, असे त्यांनी नातीला विचारून घेतले, आणि तिने सांगितलेला शब्द त्यांना पसंत पडला नाही. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना आम्ही पांढरा रंग लावून घेतला आहे.